बाबांचा २००८ पासूनचा ब्लॉग: ब्लॉगरवरच ठेवू की हलवू?

मासुंदाकाठची | शनिवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितेच.

आम्ही नौपाड्यात राहतो. बाबा ७६ वर्षांचे. रिटायर झाल्यावर २००८ मधे त्यांनी ब्लॉगरवर (गूगलची मोफत ब्लॉगसेवा) ब्लॉग काढला, सकाळी फिरायला गेले की जे दिसेल त्यावर लिहायचं. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, मखमली तलाव, उपवन, कुठला पिंपळ कधी पडला, कोपिनेश्वराच्या आजूबाजूला पूर्वी काय काय होतं, असं सगळं. एकूण ४१२ पोस्टी. ठाण्यातल्या कितीतरी गोष्टी आता फक्त त्यातच उरल्यात असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणी. जुन्या पोस्टींमधले फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात, काही तर दिसतच नाहीत, नुसता तुटका चौकोन. मोबाइलवर अक्षर बारीक, त्यात ल आणि श हिंदीसारखे दिसतात, बाबा दर वेळी म्हणतात हा माझा ल नव्हे. ब्लॉगवर काही शोधलं की अर्धं सापडत नाही. शिवाय ब्लॉगच्या आधी त्यांनी श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप केलेले तीसेक लेख सीडीवर आहेत ते उघडले की नुसती अगम्य चिन्हं येतात.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. २०२२ मधे जाहिरातींच्या कमेंटी फार झाल्या म्हणून मी एका रात्री बसून पानंच्या पानं निवडून उडवली, त्यात खऱ्या कमेंटीही गेल्या. बाबांचे शाळेतले एक मित्र कळव्याला राहायचे, ते कितीतरी पोस्टींखाली आपली आठवण जोडायचे. ते आता नाहीत. बाबा मला कधी काही बोलले नाहीत पण आईजवळ म्हणाले, माझं लिहिलेलं मी परत लिहीन, त्याचं कोण लिहिणार.

ऑफिसात एकजण म्हणतो ब्लॉगर केव्हाही बंद होईल, वर्डप्रेसवर (साइट आणि ब्लॉग बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर) न्या. दुसरा म्हणतो हात लावू नका, आहे ते बिघडेल. काय करू?

खाडीपूल | शनिवार, रात्री ९:४०
ताई, हलवायचं की नाही ते नंतर. आधी आज रात्री बॅकअप घ्या, उद्यावर टाकू नका.

गूगल टेकआउटमधे (गूगलवरचा आपला डेटा उतरवायची सोय) जा, सगळं अनसिलेक्ट करून फक्त ब्लॉगर निवडा, झिप फाइल उतरवायची लिंक मेलवर येईल. त्यात पोस्टी, पानं, शिल्लक असलेल्या कमेंटी असतात. थीम म्हणजे ब्लॉगची मांडणी वेगळी उतरवावी लागते, थीम विभागात बॅकअपचं बटण आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे पोस्टींच्या फाइलमधे फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. खूप लोक इथे फसतात, फाइल आली म्हणजे सगळं आलं असं समजतात. फोटो खरोखर आलेत का ते झिप उघडून डोळ्यांनी बघा. नसतील तर एचटीट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ब्लॉगचा पत्ता दिला की अख्खी साइट फोटोंसकट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतं, नेट बंद असताना पण उघडते. ४१२ पोस्टींना एक रात्र पुरेल.

मग तीन प्रती करा. एक कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर, एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे.

चरईची_काकू | शनिवार, रात्री १०:०२
तुझ्या बाबांचा ब्लॉग मी वाचलेला असणार गं! मखमली तलावाच्या पोस्टीखाली मीच लिहिलं होतं बहुतेक. त्यांना नमस्कार सांग.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५५
महापेला सर्व्हर सांभाळायच्या कामात आहे, आत्ता ड्यूटीवरूनच लिहितोय. @खाडीपूल यांनी बॅकअपचं सांगितलंच, मी त्याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट सांगतो ती म्हणजे किल्ली.

ब्लॉग बाबांच्या एकट्याच्या गूगल खात्यावर असेल ना? ते खातं गेलं की ब्लॉग गेला. सेटिंगमधे परवानग्यांच्या भागात नवीन लेखक बोलवायची सोय आहे, तिथून स्वतःच्या मेलवर आमंत्रण पाठवा, स्वीकारल्यावर बाबांच्या खात्यातून तुमचा दर्जा लेखकाचा अ‍ॅडमिन करा. पाच मिनिटांचं काम. आता ब्लॉगला दोन मालक झाले.

दुसरं, गूगलने २०२३ मधे जाहीर केलंय की दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं ते पुसू शकतात, डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. बाबांनी जुन्या वेगळ्या मेलवरून ब्लॉग काढला असेल आणि तो मेल आता कोणी उघडत नसेल तर आधी तिकडे लॉगिन करा. तिसरं, त्याच खात्यात इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर असतो. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय काय सोपवायचं ते आधीच लिहून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. घरात हा विषय काढणं जड जातं हे मला माहितीय. मी माझ्या आईजवळ काढला तेव्हा ती म्हणाली बरं झालं विचारलंस, बँकेचं पण लिहून घे.

पारसिक | रविवार, सकाळी ९:२०
माझं मत वर्डप्रेस. गूगलवर विसंबून किती दिवस राहणार? गूगल रीडर २०१३ ला बंद केलं, गूगल प्लस २०१९ ला, आणि ज्या ब्लॉगांवर प्लसच्या कमेंटी जोडल्या होत्या त्या सगळ्या त्याबरोबर गेल्या. गूगलच्याच फीडबर्नरमधून ईमेलने पोस्टी जायच्या ते २०२१ ला थांबवलं. ब्लॉगर १९९९ चं आहे, गूगलने २००३ ला घेतलं, आता त्याच्यात नवीन काही फारसं होताना दिसत नाही. वर्डप्रेस मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक होस्टिंगवाला (साइट ठेवायला जागा देणारा) आवडला नाही तर उचलून दुसऱ्याकडे न्या, कोणाच्या दयेवर नाही. ब्लॉगरमधून पोस्टी आणि कमेंटी आत घ्यायचं इम्पोर्टर प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) पण आहे.

किंवा अजून भारी, ह्यूगो सारखं काहीतरी वापरून साध्या एचटीएमएल (वेबपानाच्या भाषेतल्या) फाइली बनवायच्या. डेटाबेस नाही, हॅक व्हायला काही नाही, पन्नास वर्षांनी पण उघडतील.

खाडीपूल | रविवार, सकाळी ९:४४
ह्यूगो उत्तम आहे पण ७६ वर्षांच्या माणसाने कमांड लिहून पोस्ट टाकायची का रे? सकाळी तळ्यावरून आले, फोनवर लिहिलं, बटण दाबलं, एवढंच हवं त्यांना.

पारसिक | रविवार, सकाळी ९:५१
बरोबर. ह्यूगो मागे घेतो, संग्रह म्हणून चांगलं, रोज लिहायला नाही. वर्डप्रेसवर ठाम आहे.

चरईची_काकू | रविवार, सकाळी ११:३०
अरे पारसिक, मी वर्डप्रेसवालीच होते. नागपंचमीच्या दिंडांपासून ते आमच्या सीकेपी निनावापर्यंत दोनशेच्या वर पाककृती होत्या माझ्या. स्वतःचं नाव, स्वतःचं होस्टिंग, एका ओळखीच्या मुलाने करून दिलेलं. मी सहा महिने मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेले, होस्टिंगचे पैसे भरायच्या मेल त्या मुलाच्या पत्त्यावर जात होत्या, त्याने नोकरी बदलली, पत्ता बदलला. परत आले तर साइट नाही. कंपनीला फोन केला, ते म्हणाले मुदत संपून बरेच दिवस झाले, डेटा पुसला. नाव पण त्या मुलाच्या नावावर घेतलेलं, माझ्या नाही. दोनशेतल्या साठ-सत्तर वहीत होत्या म्हणून वाचल्या.

ब्लॉगर निदान पैसे भरले नाहीत म्हणून तरी पुसत नाही. ही गोष्ट वयस्कर माणसासाठी फार मोठी आहे.

पारसिक | रविवार, दुपारी १२:०५
काकू, हे वाचून खरंच वाईट वाटलं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधे तुमचा जुना पत्ता टाकून बघितलात का? २००१ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, अनेक जुन्या साइटच्या प्रती सापडतात. पत्ता मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी आज बसतो.

चरईची_काकू | रविवार, दुपारी १२:११
पाठवला. तुझ्या तोंडात साखर पडो.

वेलांटी | रविवार, दुपारी ३:१५
ल आणि श वाचून मला राहवलं नाही. अक्षरजुळणीत आयुष्य गेलं, आता ठाण्यात घरूनच मुद्रितशोधन करते. तुमच्या बाबांचं शंभर टक्के बरोबर आहे, तो त्यांचा ल नव्हेच.

अक्षराचा संकेतांक मराठी आणि हिंदीला एकच, आकार कुठला दाखवायचा ते फाँट ठरवतो. फाँटात दोन्ही आकार असले तरी पान मराठी आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. तर ब्लॉगरच्या सेटिंगमधे ब्लॉगची भाषा मराठी करा, मग थीमच्या एचटीएमएलमधे अगदी वरच्या टॅगला भाषेचा कोड मराठीचा आहे का बघा, जुन्या थीममधे तो नसतोच. एवढं करूनही नाही झालं तर गूगल फाँट्सवर तिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फाँट आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडं आहेत, मराठीत आपला ल आणि श मुळातच आहे. मजकुराला छान वाटतो. ज्यांना सरळसोट अक्षर आवडतं त्यांच्यासाठी एक टाइपचा मुक्ता. आकार मोबाइलवर १८ च्या खाली नको आणि ओळींमधली जागा अक्षराच्या पावणेदोन पट तरी द्या, कारण आपल्याला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या जागेत त्या एकमेकींच्या अंगावर येतात. दोन्ही कडा सरळ करायचा मोह टाळा, मोबाइलच्या अरुंद ओळीत शब्दांमधे खिंडारं पडतात.

शोधलं की सापडत नाही याचं कारणही बहुधा सांगता येईल. ॲ हे अक्षर युनिकोडमधे (सगळ्या लिप्यांच्या संकेतांकांची सामाईक यादी) स्वतंत्रपणे आलं २००८ मधे. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं लोक अ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे, काही कीबोर्ड मधे एक न दिसणारा जोडही घालतात. तीन तऱ्हांनी लिहिलेलं अ‍ॅ डोळ्याला सारखंच दिसतं, यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. या धाग्यातच बघा, वर रात्रपाळी यांचा अ‍ॅडमिन आणि माझा ॲ वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले आहेत! तऱ्हा, सुऱ्या, दऱ्या यातल्या अर्ध्या र चंही तेच, कोणी ऱ ला हलन्त देऊन लिहितं, कोणी साध्या र ला न दिसणारा जोड देऊन. २००८ पासूनच्या ब्लॉगमधे ही खिचडी असणारच. बॅकअपची फाइल नोटपॅड प्लस प्लसमधे उघडून सगळीकडे एकच रूप करून घेता येतं. पण तीच फाइल थेट चालू ब्लॉगात परत घालू नका, पोस्टी दुप्पट होण्याची भीती. आधी रिकामा चाचणीचा ब्लॉग काढा, त्यात घालून बघा.

श्रीलिपीचं उद्या लिहिते, त्याला वेळ लागेल.

घोडबंदर_अपडाऊन | रविवार, रात्री ८:३०
@वेलांटी, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पंधरा वर्षं मराठी टाइप करतोय, आज कळलं माझं अ‍ॅप आणि बायकोचं ॲप वेगळं का निघतं.

माझ्याकडून पत्त्यांबद्दल. ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नाही, म्हणून बाबांच्या सगळ्या पोस्टींचे पत्ते ब्लॉग-पोस्ट, मग ब्लॉग-पोस्ट पुढे आकडे असे असणार. त्यावरून कोणालाच काही कळत नाही. आता नवीन पोस्ट लिहिताना उजवीकडे पर्मालिंकमधे स्वतःचा पत्ता देता येतो, रोमन अक्षरात थोडक्यात लिहायचा, जसं मासुंदा-कठडा. पण प्रसिद्ध करायच्या आधी! नंतर बदलायला पोस्ट परत मसुद्यात न्यावी लागते आणि जुनी लिंक तुटते, म्हणून जुन्यांना हात लावूच नका.

वर्डप्रेस मराठी पत्ते देतं पण तिथे वेगळीच गंमत. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह पत्त्यात गेलं की त्याचे टक्क्याच्या खुणांसकट नऊ रोमन चिन्हं होतात. आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा ठेवतं. म्हणजे बावीस चिन्हांत शीर्षक कापलं जातं, काना-मात्रा पण धरून हं. व्हॉट्सॅपवर टाकलं की अख्खा स्क्रीन भरून टक्के-टक्के. तिथे पण रोमनच बरं.

अजून एक, कोणी म्हणालं की तुमची जुनी लिंक उघडत नाही तर शेवट बघा. मधल्या काळात भारतात ब्लॉगरचे पत्ते ब्लॉगस्पॉट डॉट कॉमऐवजी ब्लॉगस्पॉट डॉट इन असे दिसायचे, लोकांनी तेच कॉपी करून ठेवले. ते डॉट इन नाव २०२० मधे गूगलच्या हातून गेलं. शेवटी डॉट कॉम केलं की पोस्ट उघडते. बाबांनी स्वतःच्याच जुन्या पोस्टींच्या लिंका आत दिल्या असतील तर त्या तपासा.

अवांतर: घोडबंदर रोडला आत्ता अर्धा तास एकाच जागी आहे म्हणून एवढं लिहून झालं. गाडी मित्र चालवतोय, काळजी नसावी.

उपवनची_सकाळ | रविवार, रात्री ८:४१
माजिवड्याला पण तेच आहे. घरी जाऊन जेवणार की गाडीतच?

घोडबंदर_अपडाऊन | रविवार, रात्री ९:२५
गाडीतच. चिवडा आहे.

नेरुळचा_बगळा | सोमवार, सकाळी ७:०५
फोटोंचं मी सांगतो, पक्ष्यांचे फोटो टाकतो ब्लॉगवर, त्यामुळे यात बरीच वर्षं गेलीत.

फोटो छोटे दिसतात याचा अर्थ छोटेच आहेत असं नाही. पोस्ट उघडून एचटीएमएल दृश्यात जा, फोटोच्या पत्त्यात मधे एस आणि ३२० किंवा ४०० असा तुकडा दिसेल. तो मोठेपणा आहे. ३२० चं १६०० केलंत की तोच फोटो मोठा येतो, कारण मूळ मोठी प्रत गूगलकडे असते. बाजूला रुंदी-उंचीचे आकडे लिहिलेले असतील ते पण काढा नाहीतर मोठा फोटो छोट्याच चौकटीत कोंबला जातो. मोबाइलवर वाचणारे जास्त असतील तर ८०० पुरे, पान पटकन उघडतं. मी साडेतीनशे पोस्टी एकेक करून केल्या, रोज दहा, महिनाभर. कंटाळवाणं आहे पण जुने फोटो मोठे बघताना मजा पण येते.

तुटके चौकोन म्हणजे ते फोटो दुसऱ्या कुठल्या मोफत साइटवर ठेवलेले असणार. माझेही होते, एक दिवस त्यांनी मोफत दाखवणं बंद केलं. काही वेबॅक मशीनमधे मिळाले. बाकीच्यांसाठी जुन्या सीड्या, जुने फोन शोधा.

नवीन फोटो टाकताना लांब बाजू १६०० पिक्सेल करून टाका. स्क्वूश नावाची गूगलच्या लोकांनी बनवलेली साइट आहे, फोटो ब्राउझरमधेच लहान होतो, चार-पाच एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीत बसतो आणि फरक डोळ्याला कळत नाही.

आणि ही कळकळीची विनंती, फोनमधल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. मूळ फाइल जशीच्या तशी वाटली तर ती जागा कोणालाही काढता येते. आमच्याकडे पाणथळीजवळ एकाने टिटवीच्या अंड्यांचा फोटो जागेसकट वाटला, दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग, टिटवी दिवसभर ओरडत फिरत होती. टाकायच्या आधी जागा काढा. घराच्या गॅलरीतून काढलेल्या फोटोला पण हेच लागू, त्यात तुमच्या घराचा पत्ता असतो.

मासुंदाकाठची | सोमवार, रात्री १०:२०
मंडळी काय बोलू! शनिवारीच बॅकअप घेतला, पोस्टी ४१२ च्या ४१२ आहेत, मोजल्या. एचटीट्रॅक रात्रभर चालवलं. बाबांना मी अ‍ॅडमिन झाले ते दाखवलं तर म्हणाले म्हणजे आता तू माझं शुद्धलेखन तपासणार तर. @नेरुळचा_बगळा, तुमचा आकड्याचा उपाय एका पोस्टीवर करून बघितला, २००९ मधला सिद्धेश्वर तलावाचा फोटो, मोठा झाला तर मागे एका बाकावर आई बसलेली दिसली. सोळा वर्षांत आम्हाला कोणालाच दिसली नव्हती.

कमेंटींसाठी काही मार्ग आहे का?

वेलांटी | मंगळवार, दुपारी १:४०
बाकावरची आई! किती छान.

कबूल केल्याप्रमाणे श्रीलिपी. त्या फाइलींत मराठी नसतंच, इंग्रजी संकेतांकांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवलेली असतात, फाँट नसला की खालची चिन्हं उघडी पडतात. बदलून देणारी मोफत कन्व्हर्टर मिळतात, पण श्रीलिपीचे फाँट अनेक आणि त्यांची रचना वेगवेगळी, म्हणून आधी वर्डमधे मजकूर निवडून फाँटचं नेमकं नाव आणि आकडा टिपून घ्या. चुकीचा निवडलात तर निम्मी अक्षरं बरोबर आणि निम्मी भलतीच येतात.

रूपांतर झालं की दोन जागी चुका हटकून. एक म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि दुसरा रफार. जुन्या फाँटांत जसं दिसतं तसं टाइप व्हायचं, म्हणजे कि लिहिताना आधी वेलांटी मग क. युनिकोडमधे जसं उच्चारतो तसं, आधी क मग वेलांटी. रफाराचं उलट, जुन्यात अक्षर झाल्यावर वर रफार, युनिकोडमधे र आधी. कन्व्हर्टर बहुतेक सांभाळतात पण जोडाक्षर आलं की गडबडतात, स्थिती, मूर्ती, वर्त्म असे शब्द मुद्दाम तपासा. तीसच लेख आहेत ना? मला पाठवा, मी मुद्रितं तपासून देते. पैसे नकोत, मखमली तलावाकाठी माझं बालपण गेलंय.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:३०
@मासुंदाकाठची, कमेंटींसाठी दोन-तीन जागा आहेत. एक, ब्लॉगरच्या कमेंट विभागात स्पॅमचा वेगळा कप्पा असतो. तुम्ही डिलीट न करता स्पॅम म्हणून खूण केली असेल तर त्या तिथे असू शकतात. दोन, २०२२ च्या आधी कधी कोणी बॅकअप घेतला होता का, जुन्या लॅपटॉपवर एक्सएमएल फाइल शोधा, त्यात कमेंटी असतात. तीन, आणि याच्यावर माझी जास्त भिस्त आहे, बाबांचा मेल. ब्लॉगवर कमेंट आली की ब्लॉगर लेखकाला मेल पाठवतं, ती सोय चालू असेल तर कमेंटचा अख्खा मजकूर त्या मेलमधे असतो. ब्लॉगवरून कमेंट उडवली म्हणून मेल उडत नाही. जीमेलमधे नोरिप्लाय-कमेंट असं रोमनमधे शोधा, ऑल मेलमधे.

आणि हलवायचं की नाही त्याबद्दल माझं मत, काकूंचा अनुभव वाचून अजून पक्कं झालं. ब्लॉगरवरच ठेवा, पण स्वतःचं डोमेन (साइटच्या पत्त्याचं नाव) घ्या आणि ते ब्लॉगरला जोडा. जोडलं की जुन्या ब्लॉगस्पॉटच्या सगळ्या लिंका आपोआप नवीन नावाकडे वळतात, सुरक्षित एचटीटीपीएस ब्लॉगरच मोफत देतं. उद्या खरंच ब्लॉगर बंद व्हायची वेळ आली तर तेच नाव दुसरीकडे वळवता येईल, लोकांना पत्ता बदलल्याचं सांगावं लागणार नाही. वर्षाला खर्च फक्त नावाचा. ते भरायचं राहिलंच तर ब्लॉग पुसला जात नाही, डोमेन काढून परत ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर आणता येतो. नाव मात्र तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर, ऑटो रिन्यू चालू. करून देणाऱ्याच्या नावावर कधीच नाही.

पारसिक | बुधवार, सकाळी ८:५०
हे पटलं. नाव आपलं असेल तर घर कधीही बदलता येतं, मग घाई कशाला. मत बदललं.

काकूंच्या १३७ पाककृती वेबॅकमधून मिळाल्या, फोटो थोडेच मिळालेत. निनाव मिळालं.

चरईची_काकू | बुधवार, सकाळी ९:१५
काल रात्री वाचत बसले होते एकेक. पारसिक, रविवारी घरी ये, निनावच खायला घालते.

उपवनची_सकाळ | बुधवार, सकाळी ९:३०
काकू, पत्ता सगळ्यांना द्या.

खाडीपूल | बुधवार, रात्री ९:००
स्पॅम परत होऊ नये म्हणून: सेटिंगमधे कमेंट तपासणी सरसकट चालू न करता ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या पोस्टींसाठीच ठेवा, १४ दिवस बरे पडतात. जाहिरातवाले जुन्या पोस्टींवरच जास्त येतात आणि नवीन पोस्टीवर ओळखीच्या लोकांना थांबावं लागत नाही. निनावी कमेंट बंद करू नका, आपल्याकडची बरीच ज्येष्ठ मंडळी लॉगिन न करता खाली नाव लिहून जातात.

मासुंदाकाठची | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:४५
मधे लिहायला जमलं नाही, आता सगळं एकदम सांगते.

डोमेन घेतलं, माझ्या नावावर, जोडलं. सुरुवातीला दोन तास उघडेना म्हणून घाबरले होते, मग आपोआप सुरू झालं. जुन्या लिंका टाकून बघितल्या, वळतात. तिरो मराठी फाँट लावला, बाबांनी चष्मा वर करून फोन जवळ नेला आणि ल बघून नुसतं हं म्हणाले. वेलांटीताईंनी तीसातले एकोणीस लेख तपासून पाठवलेसुद्धा, त्या परवा घरी आल्या होत्या, बाबा आणि त्या मखमली तलावावर तीन तास बोलत होते.

स्पॅमच्या कप्प्यात काही नव्हतं. जुना बॅकअप पण नाही. मग बाबांच्या मेलमधे शोधलं. बाबा मेल कधी उडवतच नाहीत, मी किती वेळा रागावले असेन त्यावरून. ३८८ मेल निघाल्या. त्यातल्या ६१ काकांच्या, कळव्याच्या. पहिली डिसेंबर २००८ ची, खाडीच्या जुन्या पुलावर सायकल पंक्चर झाली होती त्याबद्दल.

बाबांच्या नावाने परत कमेंट म्हणून घालणं मला बरोबर वाटेना, म्हणून ज्या त्या पोस्टीच्या शेवटी वेगळा चौकोन करून काकांचं नाव, मूळ तारीख आणि मजकूर जसाच्या तसा लिहितेय. त्यांच्या मुलाला फोन करून विचारलं, तो हो म्हणाला, आणि सगळ्या एकत्र पाठवाल का म्हणाला. ६१ मधल्या २३ झाल्या. शुद्धलेखन सुधारू का असं बाबांना विचारलं तर म्हणाले अजिबात नाही, तो नेहमी पाणी मधला णी ऱ्हस्वच लिहायचा.

एक प्रश्न राहिला. काही कमेंटींत काकांनी फोटोंच्या लिंका दिल्यात त्या उघडत नाहीत, शेवटी डॉट इन नाहीये. वेबॅकमधे एकेक टाकत बसायचं की एकदम तपासायची काही सोय आहे?

पारसिक | शनिवार, रात्री १०:५२
लिंका पाठवा. आज रात्री बसतो.